ग्रेमिन, वय वर्षे ९०

३ जुलै १९८५ रोजी मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात चायकॉव्हस्कीचा ‘येवगेनी ओनेगिन’ लागला होता. या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात, पीटर्सबर्गच्या एका झगमगत्या नाचाच्या मेजवानीत, प्रिन्स ग्रेमिन नावाचा पिकल्या केसांचा सेनाधिकारी येतो. तो एक एरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, गातो, दोनचार वाक्यं बोलतो आणि निघून जातो. त्या संध्याकाळी ग्रेमिन झाला होता मार्क रेयझेन, आणि त्याच दिवशी त्याला नव्वद वर्षं पूर्ण झाली होती. विक्रमांच्या पुस्तकात या प्रयोगाची नोंद झाली. तोपर्यंतचा सर्वांत वयस्क ऑपेरागायक म्हणून.

त्या गाण्याचं चित्रीकरण आज पाहायला मिळतं. पाहणारा आधी थक्क होतो, आणि बहुतेक वेळा थक्क होण्यापाशीच थांबतो. नव्वदीच्या माणसाने दोन जिने धाप न लागता चढले तरी आपण टाळ्या वाजवतो, इथे तर तो अख्ख्या वाद्यवृंदासमोर उभा राहून माईकशिवाय गातोय. कौतुक वाजवीच आहे. पण कौतुक म्हणजे रसग्रहण नव्हे. म्हणून थोडा हट्ट करावासा वाटतो. समजा, गाणाऱ्याचं वय आपल्याला कुणी सांगितलंच नाही. मग या गाण्यात काय उरतं?

माझ्या मते, पुष्कळ उरतं. आणि जे उरतं ते त्या संध्याकाळी घडलेलं नाही, त्याच्या आधीच्या चौसष्ट वर्षांत घडलेलं आहे.

आधी एरियाकडे पाहू. ऑपेरात पुरुषांच्या आवाजांची वाटणी जवळजवळ जातिव्यवस्थेसारखी पक्की असते. उंच आवाजाचा टेनर हा प्रियकर, मधला बॅरिटोन हा त्याचा मित्र किंवा वैरी, आणि सगळ्यांत खालचा बास म्हणजे राजा, धर्मगुरू, नायिकेचा बाप, नाहीतर साक्षात सैतान. प्रेम ही टेनरची मालमत्ता. बासच्या वाट्याला प्रेम आलंच तर बहुधा पाय घसरलेल्या म्हाताऱ्याची फजिती म्हणून येतं, किंवा व्हेर्दीच्या राजा फिलिपसारखं दुखणं म्हणून. हा फिलिप रात्रभर जागून एवढंच म्हणत राहतो, की राणीने माझ्यावर कधी प्रेम केलंच नाही. ग्रेमिन या सगळ्या पंगतीत वेगळा बसतो. तो बास आहे, वयस्क आहे, नवरा आहे आणि सुखी आहे. सुखी माणसाला चांगलं गाणं देणं हे संगीतकारांना फारसं जमत नाही. दुःखाला सूर लवकर सापडतो.

पुश्किनच्या मूळ पद्यकादंबरीत हा माणूस जवळजवळ नाहीच. तिथे तो बिननावाचा सरदार आहे. लढायांत जखमी झालेला, दरबारात मान असलेला, आणि नायिका तात्यानाच्या नजरेला पहिल्यांदा दिसतो तो एक जाडा जनरल म्हणून. त्याच्या तोंडी प्रेमाबद्दल एक अक्षरही नाही. प्रेमापुढे सगळी वयं वाकतात, हा विचार पुश्किनच्या आठव्या प्रकरणात येतो खरा, पण तो निवेदकाचा आहे, आणि ओनेगिन उशिरा प्रेमात पडला त्या संदर्भातला आहे. शिवाय निवेदक लगेच शेपूट जोडतो. तरुणांना प्रेमाचं वादळ पावतं, उतरत्या वयात मात्र त्याच वादळाने चिखल तेवढा होतो, अशा अर्थाचं. चायकॉव्हस्की आणि त्याचा सहलेखक कॉन्स्टान्टिन शिलोव्हस्की यांनी पहिला विचार उचलला, शेपूट कापलं, आणि उरलेलं या जनरलला देऊन टाकलं. त्याला नावही दिलं. त्यांचा ग्रेमिन म्हणतो की प्रेमाचा झंझावात कोवळ्या पोरालाही भल्याचा आणि नशिबाने तावून काढलेल्या, डोकं पांढरं झालेल्या लढवय्यालाही भल्याचा. पुश्किनचा टोमणा असा कबुलीजबाब झाला. पुश्किनच्या भक्तांना हे आवडलं नसेल, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पण ऑपेराच्या अंगाने पाहिलं तर या कात्रीने तिसरा अंक वाचवला.

कारण ग्रेमिन हे सगळं सांगतो कुणाला, तर ओनेगिनला. वर्षानुवर्षांपूर्वी खेड्यातल्या ज्या मुलीने रात्रभर जागून ओनेगिनला पत्र लिहिलं, आणि ज्याने तिला बागेत उभं करून शहाणपणाचे चार शब्द सुनावले, तीच तात्याना आता ग्रेमिनची बायको आहे. ग्रेमिनला यातलं काही माहीत नाही. ओनेगिन त्याचा नातेवाईक आणि जुना मित्र. तो विचारतो, ती लाल टोपी घातलेली बाई कोण? ग्रेमिन सांगतो, माझी बायको. लग्नाला दोनेक वर्षं झाली. आणि मग मोकळ्या मनाने आपल्या सुखाची गोष्ट सांगायला लागतो. त्याच्या प्रत्येक ओळीने ओनेगिनला टाचणी लागते आणि टोचणाऱ्याला पत्ताच नाही. हा सगळा खेळ ग्रेमिनच्या निरागसपणावर चालतो. त्याने जराही सूचकपणा दाखवला, जराही अश्रू काढले, की प्रसंग कोसळला.

आणखी एक गोष्ट, जी मला फार पुढे लक्षात आली. अख्ख्या एरियात ग्रेमिन सांगतो की माझं तात्यानावर वेड्यासारखं प्रेम आहे. माझं आयुष्य कंटाळवाणं वाहत होतं, ती आली आणि पावसाळी दिवसात ऊन पडावं तसं झालं. तिने मला जगणं दिलं, तारुण्य दिलं, सुख दिलं. पण तिचं माझ्यावर प्रेम आहे, असं तो एकदाही म्हणत नाही. फिलिपला जो प्रश्न रात्रभर झोपू देत नाही तो ग्रेमिनला पडतच नाही. की पडून, मिटवून झालेला आहे? संहितेत याचं उत्तर नाही. उत्तर गाणाऱ्याने द्यायचं असतं, आणि ते शब्दांनी देता येत नाही, कारण शब्द ठरलेले आहेत. ते आवाजाच्या लगावातून द्यावं लागतं.

आता सूर. ही एरिया जी-फ्लॅट मेजरमध्ये आहे. आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन. तिन्ही भाग साधे, पहिला संथ आणि रुंद, दुसरा जरा चालता, मग पहिल्याचंच पुनरागमन. पहिल्या भागात चाल मोठ्या पावलांनी, घाई न करता चालते. मधल्या भागात ग्रेमिन समाजावर घसरतो. लबाड, भित्रे, लाडावलेले, हलकट, स्वतःला शहाणे म्हणवणारे मूर्ख, अशी विशेषणांची लांबलचक माळ तो एका दमात ओवतो. इथे चालीत गाणं कमी आणि बोलणं जास्त. आणि या गर्दीतून अचानक तात्याना बाहेर येते, रात्रीच्या स्वच्छ आभाळातल्या ताऱ्यासारखी, आणि ऑर्केस्ट्रासकट सगळं पुन्हा रुंद होतं. मग पहिली चाल परतते, आता थेट तात्यानाचं नाव घेऊन. शेवटी तारुण्य हा शब्द दोनदा येतो आणि सुखाच्या शब्दावर आवाज खाली उतरत उतरत खालच्या काळी तीनवर जाऊन थांबतो.

हा शेवटचा सूर म्हणजे काय ते आपल्या हिशेबाने समजून घ्यायला हवं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा तो मंद्र मध्यम. म्हणजे अतर्क्य काही नाही, पहाटे खर्जाची मेहनत करणारे त्याच्याही खाली जातात. पण तंबोऱ्यांच्या मांडीवर बसून मंद्र मध्यम लावणं वेगळं आणि नाट्यगृहाच्या सगळ्यांत वरच्या सज्जात बसलेल्या माणसाला तो माईकशिवाय ऐकवणं वेगळं. सेकंदाला जेमतेम ९२ कंपनांचा हा सूर, तो नुसता तेवढाच असता तर पहिल्या काही रांगांतच विरला असता. ऑपेराच्या शिक्षणात आवाज असा घडवतात की मूळ सूर खाली असला तरी त्याच्या वरच्या अंशस्वरांचा एक झोत अडीच ते तीन हजार कंपनांच्या आसपास एकवटतो. त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी असतो, म्हणून आवाज तिथून वाट काढतो. खर्जात असूनही आवाजाला धार असते ती यामुळे. ही धार वयाबरोबर बोथट होत जाते.

उतारवयातल्या गवयाला आपल्याकडे पुष्कळ मुभा असतात, आणि त्या असाव्यातच. पट्टी उतरवता येते. तार षड्जाला नुसतं बोट लावून परत येता येतं. मागे बसलेला शिष्य सूर धरून ठेवतो. आजचा आवाज पाहून आजचा राग निवडता येतो. त्यामुळे म्हातारपणातली मैफल आपल्याला कधीकधी भरतारुण्यातल्या मैफलीपेक्षा गहिरी वाटते, आणि ती तशी असतेही. ग्रेमिनला यातलं काहीच नाही. स्वर कागदावर लिहिलेले, पट्टी ठरलेली, लय ऑर्केस्ट्राच्या हाती. काळी तीनची काळी दोन करा, असं कंडक्टरला कुणी सांगू शकत नाही. जे त्रेपन्नाव्या वर्षी गायचं तेच, तसंच, नव्वदाव्या वर्षी.

त्रेपन्न हा आकडा मी सहज घेतलेला नाही. बोल्शॉयने अलेक्सांद्र ऑर्लोव्हच्या हाताखाली १९४८ मध्ये ‘ओनेगिन’चं संपूर्ण ध्वनिमुद्रण केलं, त्यातही ग्रेमिन रेयझेनच आहे. तात्यानाच्या भूमिकेत क्रुग्लिकोव्हा, ओनेगिनच्या मित्राच्या, लेन्स्कीच्या भूमिकेत कोझलोव्हस्की. म्हणजे एकाच माणसाने गायलेली एकच एरिया, मध्ये सदतीस वर्षं. अशी जोडी शोधूनही सापडत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याआधी हा माणूस त्रेपन्नपर्यंत कसा पोहोचला ते थोडक्यात सांगायला हवं.

रेयझेनचा जन्म १८९५चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या दोनेत्स्क भागातल्या एका खाणवस्तीत, ज्यू कुटुंबात. घरात सगळ्यांना वाजवायची हौस, मँडोलिन, बालालाइका, गिटार, पेटी. त्यामुळे सूर आधी बोटांत आला. पहिल्या महायुद्धात तो आघाडीवर लढला, जखमी झाला. खारकोव्हला इंजिनिअर व्हायला म्हणून गेला आणि तिथल्या संगीतशाळेत फेडेरिको बुगामेल्ली या इटालियन शिक्षकाच्या हाती लागला. हा योगायोग फार महत्त्वाचा. रशियन बासची घडण चर्चमधल्या समूहगायनात व्हायची. तिथून भक्कम, काळाभोर, छाती हलवणारा आवाज मिळे, पण पुष्कळदा तो जागचा हलत नसे. रेयझेनला आवाज रशियन मिळाला आणि चालवायची रीत इटालियन. १९२१ मध्ये खारकोव्हलाच मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’मध्ये बखरकार साधू पिमेनच्या भूमिकेत त्याने पदार्पण केलं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराने पहिल्याच दिवशी म्हातारा व्हायचं, ही बासची जन्मखूण. १९२५ पासून पाच वर्षं लेनिनग्राद. मग १९३० ते १९५४ बोल्शॉय. स्टालिनने त्याला एका प्रयोगात ऐकलं आणि आजपासून तुम्ही मॉस्कोत गाणार म्हणून सांगितलं, असा किस्सा आहे. त्या काळातल्या प्रत्येक रशियन गायकाच्या चरित्रात असा एखादा किस्सा असतो आणि त्यातलं खरं किती हे त्या खोलीतल्या भिंतींनाच ठाऊक. तीन स्टालिन पारितोषिकं मात्र कागदोपत्री आहेत, १९४१, १९४९ आणि १९५१ ची.

त्याच्या पिढीच्या प्रत्येक बासवर एक सावली होती. फ्योदोर शाल्यापिन १९२२ मध्ये रशिया सोडून गेला तो परतला नाही, पण बोरिस म्हणजे शाल्यापिन, मेफिस्टोफिलीस म्हणजे शाल्यापिन हे समीकरण मागे ठेवून गेला. शाल्यापिन सूर फोडायचा, कुजबुजायचा, हुंदका द्यायचा, स्वरलिपीतून बाहेर उडी मारून पुन्हा आत यायचा. तो थोर होता म्हणून ते शोभलं. त्याच्यामागून आलेल्यांनी हुंदके तेवढे उचलले. रेयझेनने उलट वाट धरली. शब्द स्वच्छ, सूर अखंड, भाव चालीच्या आत. त्याचं गाणं ऐकताना तैलधारेची आपली जुनी उपमा आठवते, न तुटणारी, न शिंतोडे उडवणारी धार. आणि ही धार खर्जात आहे, जिथे सूर जोडणं सगळ्यांत अवघड. खालच्या सुरांना वजन असतं आणि वजनदार गोष्टी एकमेकींत सरकत नाहीत, एकमेकींवर आदळतात. बहुसंख्य बास गायकांच्या गाण्यात तो आदळण्याचा आवाज आपण भारदस्तपणा म्हणून खपवून घेतो.

या वाटेची किंमत त्याने मोजली. कंडक्टर गोलोवानोव्हने १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘बोरिस गोदुनोव’मध्ये रेयझेन बोरिस आहे. पुढच्याच वर्षी तेच ध्वनिमुद्रण अलेक्सांद्र पिरोगोव्हला बोरिस म्हणून घेऊन नव्याने केलं गेलं. दोन्ही ऐकली तर मला घड्याळाच्या प्रसंगात, जिथे अपराधी झारला मेलेलं पोर दिसायला लागतं, पिरोगोव्हच हवा असतो. तिथे माणूस तुटायला पाहिजे आणि रेयझेन तुटत नाही. तो घाबरतोसुद्धा सुरेल. त्याच्या गाण्याला थंड म्हणणारे आहेत, त्यांना या प्रसंगापुरतं माझं अनुमोदन आहे. पण त्याच ऑपेराचा शेवट, मरणारा झार मुलाला राज्य सोपवतो तो, रेयझेनइतका कमी आरडाओरड्यात आणि इतका वडीलपणाने दुसऱ्या कुणी गायलेला मला माहीत नाही.

त्याची खरी जागा ‘खोवान्शचिना’तला दोसिफेय. जुन्या धर्मरीतींना चिकटून राहिलेल्या पंथाचा हा म्हातारा पुढारी शेवटी अनुयायांना घेऊन स्वतःला जाळून घेतो. या भूमिकेत धोका असा, की गाणारा प्रवचन द्यायला लागतो. वेरा स्त्रोयेव्हाने १९५९ मध्ये या ऑपेराचा सिनेमा केला तेव्हा रेयझेन चौसष्टीच्या घरात होता, बोल्शॉयमधून निवृत्तही झालेला. पडद्यावर उंचापुरा, पांढऱ्या दाढीचा माणूस. लोक भांडत असतात, सरदार एकमेकांच्या अंगावर धावून जात असतात, आणि तो मध्ये येऊन आवाज न चढवता दोन वाक्यं गातो. भांडण थांबतं. पटकथेत लिहिलंय म्हणून नव्हे, त्या आवाजापुढे ओरडणं आपल्यालाच अशिष्ट वाटतं म्हणून. आवाजाने दरारा बसवणारे खूप, आवाजाने लाज वाटायला लावणारा मला हा एकच भेटला. याउलट गोलोवानोव्हनेच ध्वनिमुद्रित केलेल्या ‘सादको’ ऑपेरातला वारांजियन पाहुणा. जेमतेम काही मिनिटांचं गाणं, खडकांवर आपटणाऱ्या उत्तरेकडच्या समुद्राचं. तिथे रेयझेन स्वतःच खडक होतो. (याच ध्वनिमुद्रणात पुढे भारतातून आलेला व्यापारी आपल्या देशातल्या हिऱ्यांचं गाणं गातो, कोझलोव्हस्कीच्या नाजूक आवाजात. आपला देश रशियन ऑपेरात कसा ऐकू येतो याची उत्सुकता असेल त्यांनी तेही ऐकावं. जास्त अपेक्षा ठेवू नये.)

आता दोन ग्रेमिन.

१९४८ चा ग्रेमिन ऐकताना पहिली जाणीव होते ती ऐश्वर्याची. पहिलं वाक्य संपतं तरी श्वासाची शिल्लक दिसत असते. मधल्या भागातली विशेषणांची माळ तो थोड्या तुच्छतेने, पण खानदानी तुच्छतेने, जिभेच्या टोकावरून सोडून देतो. एकाही विशेषणावर थांबत नाही, जणू या लोकांना एवढाच वेळ द्यायचा. आणि ताऱ्याच्या ओळीपाशी आवाज उघडतो तेव्हा आत भरपूर उजेड आहे. हा ग्रेमिन पन्नाशी ओलांडलेला, प्रतिष्ठित, आपल्या नशिबावर खूश असलेला माणूस आहे. तात्यानाचं प्रेम आहे की नाही हा प्रश्न त्याला पडलेला नाही, असंच वाटतं. एवढ्या सुंदर आवाजाच्या माणसाला कशाला पडेल.

१९८५ मध्ये ऐश्वर्य गेलंय. पहिल्या वाक्यातच कळतं. आवाजाचा मखमली काठ झिजलाय, खालचं सूत दिसतंय. १९४८ मध्ये एका श्वासात जाणारी वाक्यं आता दोन श्वासांत जातात. लांब सुरांच्या शेवटी आवाज पूर्वीसारखा रेंगाळत नाही, वेळेवर उठतो. मधला भाग मला १९४८ चाच आवडतो, तिथे जिभेची चपळाई लागते आणि नव्वदीची जीभ ती देत नाही.

मग टिकलंय काय? एक, सूर. वयाबरोबर स्वरतंतूंच्या स्नायूंचा ताण ढिला पडतो आणि आवाजातलं नैसर्गिक कंपन रुंद होत जातं, इतकं की पुढे पुढे कोणता स्वर लागलाय हेच कळेनासं होतं. साठीतल्या नामांकित गायकांचं हे होतं. रेयझेनचा सूर जागच्या जागी आहे. दोन, जोड. वाक्याचे दोन तुकडे झाले तरी प्रत्येक तुकड्याच्या आत सूर एकमेकांना धरून आहेत. श्वास कुठे घ्यायचा हेही ठरवलेलं वाटतं, शब्दाचा अर्थ जिथे दम घेतो तिथेच. श्वास कमी पडतो म्हणून घेतलेला श्वास आणि विचार बदलतो म्हणून घेतलेला श्वास यांतला फरक कानाला कळतो. इथे गरजेचं रूपांतर अर्थात झालंय. तीन, आणि हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, तो म्हातारपण वापरत नाही. नव्वदीच्या माणसाला तारुण्य हा शब्द दोनदा गायचा आहे. डोळे पाणावण्याची यापेक्षा सोपी संधी कुठली? आवाज जरा कापवला असता, तारुण्यावर जरा रेंगाळला असता, तर सगळं प्रेक्षागृह रडलं असतं. तो रेंगाळत नाही. शब्द कागदावर आहेत तेवढ्याच लांबीचे गातो आणि पुढे जातो.

पांढऱ्या डोक्याच्या लढवय्याची ओळही तशीच. हा माणूस सत्तर वर्षांपूर्वी खरोखरच खंदकात होता, जखमी झाला होता. गाताना त्याला ते आठवलं असेल का, असा विचार आपल्या मनात येतो आणि तो त्याला तिथे जागा देत नाही. ओळ ग्रेमिनची आहे, रेयझेनची नाही. ओनेगिनचं दुःख जसं ग्रेमिनला दिसत नाही तसं आपलं गलबलणंही या ग्रेमिनला दिसत नाही, आणि प्रसंग नेमका याच निरागसपणावर उभा आहे. शाल्यापिनच्या वाटेने गेलेला म्हातारा इथे हमखास घसरला असता. चौसष्ट वर्षं ज्याला थंडपणा म्हटलं गेलं तो इथे कामाला आला.

आणि तो न विचारलेला प्रश्न? १९८५ च्या ग्रेमिनला तो पडून गेलेला आहे, असं मला ऐकू येतं. पहिली चाल परतते तिथे तो मघापेक्षा किंचित हळू आवाजात सुरू करतो, मित्राला गुपित सांगावं तसा, आणि माझं तिच्यावर प्रेम आहे हे अशा सुरात सांगतो, की तिचं आहे का ही चौकशी आपणच करू नये. हे माझं ऐकणं आहे, दुसऱ्या कुणाला तिथे फक्त श्वास राखून ठेवण्याची काटकसर ऐकू येईल. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

१८७९ मध्ये हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा तो मॉस्कोच्या संगीतशाळेच्या विद्यार्थ्यांनी केला होता, चायकॉव्हस्कीच्या इच्छेनुसार. मुरलेल्या नटांचा ठोकळेबाजपणा त्याला नको होता. म्हणजे पहिला ग्रेमिन हा केसांना पांढरं फासलेला एक विद्यार्थी होता. तो कसा गायला असेल ते ऐकायला मिळणार नाही. पण संगीतकाराला या भूमिकेत साधेपणा हवा होता, वजन नव्हे, एवढं त्यावरून कळतं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत बास गायकांनी या एरियाला वजन चढवत चढवत तिचं स्मारक करून टाकलं. आज कितीतरी गाजलेली ध्वनिमुद्रणं अशी आहेत, की त्यांत ग्रेमिन स्वतःच्या शेवटच्या सुराची वाट पाहत सगळी एरिया गातो.

तो शेवटचा सूर रेयझेन कसा घेतो? जलशांत ही एरिया सुटी गायली जाते तेव्हा खालची काळी तीन हा विजयस्तंभ असतो. गाणारा हनुवटी खाली घालून, छाती फुगवून तो सूर रोवतो आणि टाळ्या येईपर्यंत सोडत नाही. रेयझेनचा सूर आहे, पूर्ण आहे, पण तो त्यावर जोर देत नाही. वरून उतरत आलेल्या वाक्याचा तो शेवटचा शब्द आहे, एवढाच मान त्याला देतो. खर्ज कमावलेला गवई मंद्रात असाच बसतो, खाली गेल्याची जाहिरात न करता.

याला नाट्यगत कारणही आहे. नाटकात ग्रेमिनचं बोलणं इथे संपत नाही. मनातलं सगळं सांगून झाल्यावर त्याला लगेच पुढचं साधं वाक्य गायचं असतं, ओनेगिनला उद्देशून, चल, तुझी तिच्याशी ओळख करून देतो अशा अर्थाचं. घरच्या यजमानाचं वाक्य. शेवटच्या सुराचं ज्याने स्मारक केलं त्याला या वाक्यावर उतरताना पायरी चुकते. रेयझेनला ती पायरीच लागत नाही, कारण त्याची सगळी एरिया आधीपासून याच बोलण्याच्या पातळीवर चाललेली होती, मित्राशेजारी उभं राहून.